लष्कराचा जुना ट्रक मुंबईत घरची रोजची गाडी म्हणून वापरता येईल का?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. प्रश्न जरा वेगळा आहे, म्हणून आधी घरची परिस्थिती सांगतो. आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो. घरात आम्ही दोघे, दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुली आणि एकाहत्तर वर्षांची आई. गाव चिपळूणजवळ आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा बहीण मुलांसह माडीवर अडकली होती. मी मुंबईहून तातडीने निघालो खरा, पण गावाच्या अलीकडे कितीतरी तास नुसता थांबून राहिलो, कारण माझ्या छोट्या गाडीच्या सायलेन्सरला पाणी लागत होते आणि शेजारून उंच ट्रक तेवढे सावकाश पुढे सरकत होते. तेव्हा डोक्यात जो किडा शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही.

ती गाडी आता बारा वर्षांची झाली असून बदलायचीच आहे. गेल्या महिन्यात एका परिचित व्यापाऱ्याने पुण्याजवळच्या एका डेपोतील लष्करी वाहनांच्या लिलावाची यादी दाखवली. तीत एक स्टॅलियन हा मोठा ट्रक, दोन निस्सान वन टन हे लहान ट्रक आणि तीन जोंगा या जीपसारख्या गाड्या आहेत. नव्या मोठ्या गाडीसाठी जे पैसे मोजावे लागतात त्याच्या लहानशा हिश्श्यात यांपैकी एखादी मिळेल, असे त्याचे म्हणणे आहे. हौस म्हणून रविवारी फिरवायला मला ती नको आहे. मुलींची शाळा, पवईचे कार्यालय, आईला दर पंधरा दिवसांनी ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेणे आणि वर्षातून पाच-सहा वेळा गाव, ही सगळी कामे याच एका गाडीने व्हावीत, असा विचार आहे. माझा स्वतःचा कल वन टनकडे किंवा थेट स्टॅलियनकडे आहे.

ज्यांनी अशी गाडी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. 'वेड लागले आहे का' एवढाच प्रतिसाद देऊ नये, तो घरातून मिळालेला आहे. बाजूने फक्त आई आहे, कारण तिचे वडील पन्नासच्या दशकात कुंभार्ली घाटात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी डिस्पोजलमधली एक लॉरी चालवत असत आणि त्या लॉरीबद्दल ती अजूनही घरातल्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलते.

चेंबूरचाच

वेडे म्हणत नाही. एकच विचारतो, लावणार कुठे?

पाना-पक्कड

मी लष्कराच्या ईएमई (यंत्रे आणि वाहने दुरुस्त करणाऱ्या) कोअरमध्ये बावीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढली आणि आपण नावे घेतलेल्या सर्व गाड्यांखाली पाठ टेकून झोपलेलो आहे. सध्या बदलापूरला असतो. थोडे लांबेल, पण लिहितो.

पहिली गोष्ट अशी की 'लष्करी ट्रक' ही एक वस्तू नव्हे. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला शक्तिमान तयार होऊ लागला आणि पुढे जवळजवळ चार दशके लष्कराचे ओझे त्यानेच वाहिले. नव्वदच्या दशकात त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने आणि टाटाच्या ट्रकांनी घेतली. निस्सान वन टन आणि जोंगा ही त्याच जबलपूरची भावंडे, दोघांचेही इंजिन चार लिटरचे, सहा सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे. म्हणजे तुमच्या यादीत एकीकडे काही टन वजनाचा डिझेल ट्रक आहे आणि दुसरीकडे जीपच्या जातीची पेट्रोल गाडी आहे. दोहोंचा विचार एका दमात करू नका. आणि लष्करी गाडीला जे टन चिकटवलेले असतात ते तिच्या वजनाचे नसतात. रस्ता सोडून रानावनात तिने किती माल वाहावा, त्याचा तो आकडा असतो.

दुसरी गोष्ट, गाडी लिलावात का येते? तिची दुरुस्ती परवडत नाही असा शेरा बसतो म्हणून. आमच्याकडे त्याला बीईआर म्हणत. त्यानंतर ती डेपोच्या उघड्या मैदानात दोन-तीन पावसाळे काढते. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात आणि घेणारा खूश होतो, पण रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते. ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरचे कप, ऑइल सील, टायरच्या बाजू हे सर्व उभ्या गाडीतच मरते. गाडी चालू करून दाखवली म्हणजे ती चालेल असे नव्हे आणि चालली म्हणजे ती थांबेल असे तर मुळीच नव्हे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे देखभाल. लष्करात एका गाडीमागे एक ड्रायव्हर असतो आणि त्याचा दिवस 'फर्स्ट परेड'ने सुरू होतो. इंजिनला हात लावण्यापूर्वी तेल, पाणी, हवा, बॅटरी, पट्टे आणि गाडीखाली कुठे ठिपका पडला आहे का, हे तो रोज पाहतो. आठवड्याला, महिन्याला काय करायचे तेही ठरलेले असते आणि चुकले तर शिक्षा असते. या गाड्या 'दणकट' म्हणून जी ख्याती आहे तिच्यात निम्मा वाटा त्या परेडचा आहे. सकाळी सव्वासातला मुलींचे डबे भरताना तुमच्या घरी ही परेड कोण करणार, हे आधी ठरवा.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे म्हणून सांगतो. उंच ट्रक पाण्यातून जातो हे खरे, पण गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की ब्रीदर म्हणजे हवेच्या छिद्रातून पाणी आत ओढले जाते आणि गिअर तेलाचे ताक होते. ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरले की पुढची काही मिनिटे ब्रेक नाममात्र राहतात. पूर ओलांडून आलेल्या गाडीचे तेल त्याच संध्याकाळी काढून पाहायचे असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी रस्त्यावर खड्डा कुठे आणि उघडे मॅनहोल कुठे हे उंचावर बसलेल्या ड्रायव्हरलाही दिसत नव्हते. ट्रक पाण्यात बुडत नाही म्हणून माणसाला धीर येतो आणि तो जाऊ नये तिथे जातो.

ओहायोकर

मी मूळचा गिरगावातला. सध्या अमेरिकेत एका लहान गावाबाहेर राहतो आणि माझ्याकडे तिथल्या सैन्याचा जुना एम-३५ ए-२ हा अडीच टनी ट्रक आहे. सहा वर्षे झाली. काही काळ तोच घरातली दुसरी गाडी होता, म्हणून लिहिण्याचा अधिकार आहे असे समजतो.

हा ट्रक साधारण पावणेसात मीटर लांब, जवळजवळ अडीच मीटर रुंद आणि रिकामा असताना सुमारे सहा टन वजनाचा असतो. इंजिन ७.८ लिटरचे आहे. डिझेल, विमानाचे इंधन, अडचणीत तेल मिसळलेले पेट्रोल असे पुष्कळ काही ते पचवते. इथले नवे मालक या गोष्टीवर भाळतात आणि नंतर लिटरला साडेतीन-चार किलोमीटरच्या हिशेबाने टाकी भरताना गप्प होतात. टाकी ५० गॅलनची आहे. वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंत नेता येतो, पण सत्तरच्या वर आत बसलेल्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. मुलगा लहान असताना त्याच्या कानांवर आवाज रोखणारी टोपणे घालूनच मी त्याला बरोबर नेत असे. किल्लीचा प्रकार नाही, फक्त खटका आहे, त्यामुळे बाजारात गाडी लावली की लोक स्टिअरिंगला साखळी आणि कुलूप लावतात. चोरून न्यायला आलेला माणूस गिअर पाहून बहुधा परत जाईल, ही गोष्ट वेगळी.

ब्रेकचा अनुभव मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या ट्रकची मूळ हायड्रॉलिक रचना एकाच मंडलाची आहे, म्हणजे सहा चाकांपैकी कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर फुटला की सगळेच ब्रेक जातात. माझे एकदा गेले. पत्नी शेजारी होती, पुढे सिग्नल होता आणि पॅडल जमिनीला टेकले. हा ट्रक हाताच्या ब्रेकने थांबतो, कारण तो ब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो, हे त्या क्षणी आठवले म्हणून आम्ही थांबलो. दुसऱ्या आठवड्यात मी दुहेरी मंडल बसवून घेतले. तुमच्या यादीतल्या गाड्यांची रचना निराळी असेल, पण नंबर प्लेट लावण्यापूर्वी ब्रेकची प्रत्येक नळी बदला, एवढे माझे ऐका.

आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर इथे हे जमते याला कारण ट्रक नाही, जागा आहे. घरामागे दोन एकर मोकळे आहेत, रस्ते रुंद आहेत, शेजारी लांब आहे आणि शनिवार-रविवार मी स्वतः पाने घेऊन खाली असतो. गिरगावात आमच्या चाळीच्या बोळात हातगाडी वळायला दोन माणसे लागत.

कायद्याचा_कीस

कागदांचे मी लिहितो. मुंबईत या योजनेचा निकाल ब्रेकच्या आधी कागदावरच लागतो.

संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली वेगळी होते. बाण असलेला आणि त्यापुढे खरेदीचे वर्ष दाखवणारा तो क्रमांक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. गाडी खात्याच्या मालकीतून सुटली की तिला तुमच्या-आमच्या गाडीसारखी नव्याने नोंदणी करावी लागते. केंद्रीय नियम ४७ मध्ये यासाठी स्पष्ट तरतूद आहे, की माजी लष्करी वाहन असल्यास संबंधित अधिकाऱ्याने दिलेले नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र जोडावे. हे मूळ पत्र व्यापारी देतो का, की 'नंतर करून देऊ' म्हणतो, यावरून त्याची पारख करा. भंगार म्हणून विकलेल्या लॉटमधली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, तिचे इंजिन कितीही गोड वाजत असले तरी. हे लिलाव बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत आणि 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर होतात, त्यामुळे नंतर तक्रारीला जागा नसते.

रंग बदलावा लागेल. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याखेरीज कोणालाही वापरता येत नाही. अनेकांची निम्मी हौस इथेच संपते.

आता मुख्य अडचण. स्टॅलियन किंवा वन टन हे मालवाहू वाहन आहे. मागे बाके असली, त्यांवर जवान बसत असले तरी नागरी नोंदणीत ते मालवाहूच ठरण्याची शक्यता अधिक. मालवाहू वाहनाच्या हौद्यात घरची माणसे बसवणे बेकायदा तर आहेच, शिवाय अपघात झाल्यास मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. म्हणजे आई आणि मुली मागे आणि तुम्ही पुढे, हे चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते पुसून टाका. मागे रीतसर आसने बसवून वर्ग बदलून घेऊ म्हणाल, तर कलम ५२ आडवे येते. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे फेरफार नोंदवता येणार नाहीत असे ठरवल्यापासून परिवहन कार्यालये या बाबतीत फार सावध झाली आहेत. हरियाणातल्या डबवालीहून सजवून आणलेल्या कित्येक जीपा तेव्हापासून इथे घरासमोर नुसत्या उभ्या आहेत. त्यात चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर कलम १९४ ब खाली हजार रुपये दंड आहे. दंडाचे सोडा, आडव्या बाकावर सहा वर्षांच्या मुलीला बांधणार कशाने?

खर्चाचा अंदाज यावा म्हणून एकच तुलना देतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात दीड हजार सीसीवरील खासगी मोटारीचा त्रयस्थ विमा वर्षाला ७,८९७ रुपये होता, तर साडेसात ते बारा टन एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाचा २७,१८६ रुपये. मालवाहू वाहन आठ वर्षांहून जुने असेल तर फिटनेस दरवर्षी काढावे लागते. परवान्याचे म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालाने साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. स्टॅलियन त्या मर्यादेच्या वर आहे, त्यासाठी जड वाहनाचा परवाना लागेल.

आणि तुम्ही मुलुंडचे आहात म्हणून हे मुद्दाम सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. तुमचा ट्रक ठाण्याच्या डॉक्टरांकडे जाताना तो भरेल.

जोंगाची गोष्ट वेगळी आहे. ती प्रवासी वर्गात बसू शकते.

तिसरा_मजला

आमच्याकडे २००९ ते २०१३ अशी चार वर्षे जोंगा होती आणि आम्ही गोरेगावला राहत होतो. घेतली नवऱ्याने, वापरली आम्ही सर्वांनी, विकली मी.

चांगले आधी सांगते. त्या गाडीत बसल्यावर रस्त्याची भीती वाटत नाही. खड्डा आला तर आला. पावसाळ्यात शेजारचे लोक कामावर जावे की नाही याचा विचार करत असत तेव्हा आम्ही निघालेलो असू. सासरे अर्धांगातून उठले तेव्हा त्यांना पहिल्यांदा बाहेर नेले ते तिच्यातच, आणि वाटेत एका चौकात वाहतूक पोलिसाने गाडी पाहून सलाम ठोकला. सासरे आयुष्यभर कापड गिरणीत होते, पण त्यांनी तो सलाम स्वीकारला आणि आठवडाभर सांगत राहिले.

आता बाकीचे. पायरी उंच आहे. मी नऊवारीबद्दल बोलत नाही, साधी पाचवारी नेसून, एका हातात पिशवी आणि कडेवर मूल घेऊन चढणे हा रोजचा व्यायाम होतो, आणि उतरताना तर पाय नेमका कुठे पडेल ते दिसत नाही. सासूबाईंसाठी आम्ही एक लाकडी स्टूल गाडीत कायम ठेवले होते. स्टूल कोणी ठेवायचे, त्या चढल्यावर ते कोणी उचलायचे आणि तोवर मागच्या रिक्षांना कोणी थोपवायचे, यासाठी प्रत्येक वेळी तिसरा माणूस लागे. त्या हळूहळू बाहेर यायचे टाळू लागल्या. 'मला कंटाळा आला आहे' म्हणत. कंटाळा त्यांना स्टुलाचा होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

स्टिअरिंगला पॉवर नाही आणि चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. मी चालवत असे, चालवता येते, पण गर्दीच्या वेळी एस. व्ही. रोडवर तासभर क्लच दाबून घरी आल्यावर पोळ्या लाटायला हात उचलत नसे. लिटरमागे पाच किलोमीटर मिळाले तो दिवस सणाचा. कपड्यांना आणि केसांना पेट्रोलचा वास इतका बसला होता की मुलीच्या वर्गशिक्षिकेने एकदा आमचा पंप आहे का, असे विचारले. सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळत, नाही मिळाले तर नवरा जबलपूरला फोन लावत असे. एकदा फक्त एका सीलसाठी गाडी सात आठवडे उभी होती, आणि त्या सात आठवड्यांत मला समजले की आम्हाला दुसरी गाडी लागतेच. मग पहिली कशाला?

तुम्ही पुरुषमंडळी इंजिन आणि टनांबद्दल लिहीत आहात म्हणून हे लिहिले. गाडी घरची करायची असेल तर घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यापासून मोजमाप सुरू करा.

चेंबूरचाच

ताई, +१. त्यापेक्षा लष्करातून निघालेली जिप्सी का पाहत नाही कोणी? १९९१ पासून लष्कराने हजारोंनी घेतल्या, भाग कुठेही मिळतात आणि मेकॅनिकला शिकवावे लागत नाही.

सोसायटी_सचिव

मी धागाकर्त्यांच्या सोसायटीचा नाही, पण दहा वर्षे हेच काम करत आहे म्हणून बाजू मांडतो. विकास नियमावली २०३४ प्रमाणे मोठ्या मोटारीची पार्किंगची जागा २.५ मीटर रुंद आणि ५.५ मीटर लांब धरतात, लहान मोटारीची २.३ बाय ४.५. अडीच मीटर रुंदीचा ट्रक अडीच मीटरच्या चौकटीत बसतो, पण मग त्याचे दार उघडत नाही, आणि लांबीला तो शेजाऱ्याच्या जागेत घुसतो. शिवाय पोडियमवर किंवा टाकीच्या स्लॅबवर पार्किंग असेल तर ट्रकचे वजन तो स्लॅब घेईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी विचारावे लागेल. असा अर्ज माझ्याकडे आला तर मी सर्वसाधारण सभेपर्यंत ताणेन, हे मोकळेपणाने सांगतो.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसरा मजला यांचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर पत्नीने चष्मा काढून फक्त माझ्याकडे पाहिले.

नुसती चर्चा करण्यापेक्षा प्रयोग करून पाहावा म्हणून मी एक उद्योग केला. शेजाऱ्यांचा वाहतुकीचा व्यवसाय आहे. त्यांचा एक टाटा ४०७ शनिवार ते सोमवार असा तीन दिवस, त्यांच्या ड्रायव्हरला शेजारी बसवून, मी चालवला आणि रोजची सर्व कामे त्यानेच करण्याचा प्रयत्न केला. ४०७ हा स्टॅलियनपेक्षा बराच लहान, म्हणजे जे ४०७ ला जमणार नाही ते ट्रकला जमण्याचा प्रश्नच नाही, असा हिशेब होता. मुलींना बरोबर घेतले नाही, केबिनमध्ये तिघांचीच जागा आहे आणि कायद्याचा कीस यांनी हौद्याबद्दल लिहिलेले लक्षात होते.

शनिवारी सकाळी पहिली गोष्ट केली ती टेप घेऊन सोसायटीचे फाटक मोजले. रुंदी ३ मीटर ५ सेंटिमीटर, वरच्या तुळईची उंची २ मीटर ७५ सेंटिमीटर. पाना-पक्कड काकांना फोनवर विचारले तेव्हा ताडपत्रीच्या कमानींसह स्टॅलियन तीन मीटरच्या घरात जातो असे त्यांनी सांगितले. त्यामुळे स्टॅलियन आमच्या फाटकातच संपला. बारा वर्षे या फाटकातून जातो-येतो आहे, त्याला तुळई आहे हे मी शनिवारी पाहिले.

आईला ठाण्याला नेले. पायरीवर प्लास्टिकचे स्टूल ठेवून, मी खालून आणि ड्रायव्हरने वरून हात देऊन ती चढली आणि बसल्यावर अशी काही खूश झाली की माझाच निश्चय पुन्हा बळावला. कुंभार्ली घाटाच्या गोष्टी टोलनाका येईपर्यंत चालू होत्या. नाक्यावर टोल भरला. दवाखान्याच्या इमारतीत तळघरात पार्किंग आहे, दाराशी २ मीटर १० सेंटिमीटरचा आडवा पाइप टांगलेला. बाहेरच्या पैसे देऊन लावायच्या जागेतला माणूस म्हणाला, टेम्पो नाही घेत. शेवटी ड्रायव्हर गाडीत बसून राहिला आणि आम्ही दोघे वर गेलो. मी एकटा असतो तर आईला रस्त्यावर उतरवून तिथेच उभे करून जागा शोधत फिरलो असतो. परत येताना ती चढली, पण गोष्टी सांगितल्या नाहीत. डोळे मिटून बसली होती. घरी आल्यावर गुडघ्याला तेल लावले.

रविवारी भाजी आणि वाणसामान आणले. एवढ्या कामाला मात्र गाडी उत्तम, दोन महिन्यांचे सामान एका कोपऱ्यात मावले.

सोमवारी सकाळी मुली रिक्षाने पुढे गेल्या आणि मी केवळ पाहण्यासाठी ४०७ घेऊन शाळेच्या गल्लीत शिरलो. समोरून शाळेची बस आली. पुढची अकरा मिनिटे मला सविस्तर लिहावीशी वाटत नाहीत. गल्लीतून मागे येताना ड्रायव्हर खाली उतरून हात दाखवत होता, दोन पालक मोबाइलवर चित्रीकरण करत होते आणि माझ्या थोरल्या मुलीने मला ओळख दाखवली नाही. पण मला सर्वांत जास्त आठवते ते वेगळेच आहे. गाडीच्या डाव्या कोपऱ्यापुढे, बॉनेटच्या खाली, एक लहान मुलगा बुटाची नाडी बांधत बसला होता आणि तो मला दिसत नव्हता. ड्रायव्हर खाली होता म्हणून दिसला.

वन टनचाही विचार सोडला आहे. जोंगा एकदा पाहावी असे मात्र अजून वाटते, कारण ती फाटकातून जाते, ५.५ मीटरच्या चौकटीत बसते आणि कागदावर प्रवासी राहू शकते. रोजच्या कामाला नाही. शाळा आणि दवाखाना यांसाठी एक लहान जुनी गाडी घेऊ, किंवा आहे तीच आणखी दोन वर्षे चालवू. जोंगा गावासाठी आणि पावसाळ्यासाठी. तेल, पाणी, हवा रोज मी पाहीन, असे घरी लिहून दिले आहे. पत्नीने तो कागद फ्रिजवर लावला आहे. पुढच्या गुरुवारी डेपोत गाड्या पाहण्याची परवानगी आहे. काका, आपण येऊ शकाल का? आणि येताना काय आणावे?

पाना-पक्कड

येतो. बदलापूरहून सकाळची गाडी पकडून पुण्याला पोचेन.

बरोबर चांगली बॅटरी असलेला टॉर्च आणि एक चुंबक आणा. पत्र्यावर चुंबक धरत गेले की पुट्टी कुठे भरली आहे ते कळते, आणि जोंगाच्या दारांखाली व मागच्या फ्लोअरला ती हमखास असते. एक जुना पांढरा पंचा हवा, गिअरबॉक्स आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या तेलात बुडवून पाहायला. दुधाळ दिसले तर ती गाडी पाण्यात जाऊन आलेली आहे, तिच्याकडे वळून बघायचे नाही. चासी नंबरवर कोरा कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेऊ आणि तो विक्रीपत्राशी जुळवू, तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबायचे नाही. एक स्वच्छ डबाभर पाणी रेडिएटरसाठी. पुढची दोन चाके उचलून किंगपिनचा (चाक ज्यावर वळते त्या खिळीचा) खेळ बघता येईल असा जॅक मिळाला तर उत्तम, नाहीतर मी माझा आणतो. आणि इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल तर पाहणी रद्द. थंड इंजिन आपल्यासमोर चालू झाले पाहिजे.

आईंना आणता आले तर आणा. त्यांची पायरी तिथेच मोजून घेऊ आणि खाली दुसरी घडीची पायरी बसवता येते का ते पाहू. बोल्टने बसणारी, वेल्डिंग न करता.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

आई येणार आहे. एक नवीनच अडचण आज व्यापाऱ्याने सांगितली. तिन्ही जोंगा एकाच लॉटमध्ये आहेत, सुट्या मिळणार नाहीत. उरलेल्या दोहोंचे काय करायचे?

चेंबूरचाच

एक मला द्या. लावणार कुठे ते मात्र विचारू नका.